वाचलेले सोळा हजार पॉइंट

ती दात बसवते. माणसांच्या तोंडात नव्हे, प्लास्टरच्या साच्यांवर. दातांचे डॉक्टर म्हाताऱ्यांच्या हिरड्यांचे ठसे घेऊन पाठवतात, त्यावरून ती मेणाची हिरडी घडवते, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवते आणि एकेक दात त्या मेणात उभा करते. वरचे चौदा, खालचे चौदा. एकवीस वर्षं हेच काम, त्याच खोलीत, त्याच खिडकीजवळ. लॅबचे मालक तिला बाई म्हणतात, गल्लीतले लोक पाठीमागे दातवाली म्हणतात, आणि तिला दोन्ही चालतं. साचा हातात घेतला की हा माणूस झोपेत दात खातो का, एकाच बाजूने चावतो का, हे ती सांगू शकते. सांगत मात्र नाही. दिवसभरात तिची मोजून वीस वाक्यं होत असतील.

बोलण्याचं खातं तिच्या आयुष्यात कायम दुसऱ्याकडे राहिलं. लग्नाआधी ते ताईकडे होतं, लग्नानंतर नवऱ्याकडे गेलं. फरक एवढाच, की ताई हिच्याशी बोलायची आणि नवरा पॉइंटांविषयी बोलतो.

नवरा लाकडाच्या वखारीत स्टोअर सांभाळतो. तिथे त्याला पॉइंटशेठ म्हणतात आणि त्याला तो मान वाटतो. त्याच्याकडे एक क्रेडिट कार्ड आहे. त्यावर खर्च केला की बँक पॉइंट देते आणि पुरेसे पॉइंट साठले की त्यांच्या बदल्यात विमानाचं तिकीट मिळतं. फुकट. हा फुकट शब्द नऊ वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात शिरला तो आजतागायत बाहेर पडलेला नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार कार्ड घेत नाही, म्हणून तिथून काडेपेटीही आणायची नाही. वीस मिनिटं चालून मोठ्या दुकानात जायचं आणि तिथून ओझं उचलून आणायचं. ओझं अर्थातच हिने उचलायचं. चार मित्र जेवायला गेले की हा बिलावर झडप घालतो, कार्ड घासतो आणि मग ताटाताटावरून रोख गोळा करत फिरतो. शेजाऱ्यांना टीव्ही घ्यायचा असला की हा उत्साहाने सोबत जातो. वखारीतल्या एका सहकाऱ्याचा सासरा दवाखान्यात गेला, तेव्हा दवाखान्याचं शेवटचं बिल यानेच कार्डावर भरलं, वर सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रोख सावकाश द्या हो, पंधरा तारखेपर्यंत." आता या माणसाला काय म्हणावं?

हिलाही त्याने एक जोडकार्ड काढून दिलं होतं. त्यावर तिने लॅबचं मेण, प्लास्टर, गुलाबी पावडर, दातांचे सेट असं सगळं घ्यायचं आणि मालकांनी महिन्याअखेर तिला पैसे द्यायचे. मालकांना महिनाभराची उधारी मिळत होती, त्यामुळे तेही खूश. पॉइंट मात्र सगळे नवऱ्याच्या खात्यात जायचे. मूळ कार्ड त्याचं, पासवर्ड त्याचा, फोनवर येणारा नंबर त्याचा. लोकांसाठी एकवीस वर्षं दात बसवणाऱ्या बाईला आपल्याच पॉइंटांना हात लावायची सोय नव्हती.

हे पॉइंट साठवायचे कशासाठी, तर लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी. विमानात पुढच्या भागात पाय लांब पसरून झोपता येतं अशा खुर्च्या असतात. त्यातल्या दोन खुर्च्यांना दोन लाख चाळीस हजार पॉइंट लागतात. त्या खुर्चीचा फोटो त्याच्या फोनवर कायम वर असायचा. विमान कुठे जाणार हे अजून ठरलेलं नव्हतं. खुर्ची ठरलेली होती. हिला विमानात झोपायचं आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही. झोप तिला घरीही लागते.

आता ताईविषयी. ताई हिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती, आणि सतराव्या वर्षी ताई हिची आई झाली. पुढे ताई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायला लागली. अठ्ठावीस वर्षं बसली. कोणती बस कुठे लागली, कोणती रद्द झाली, हे ती माइकवरून सांगायची आणि सगळ्या फलाटांना ऐकू जायचं. घरी आल्यावरही माइक चालूच. आज कोणत्या म्हाताऱ्याने चुकीच्या बसमध्ये सामान टाकलं, कोणत्या नवऱ्याने बायकोला फलाटावरच विसरून बस पकडली, हे सगळं साग्रसंगीत, नकला करून. धाकटी अंथरुणात पडून ऐकायची आणि ऐकता ऐकता झोपायची. तिला स्वतःला बोलायची गरजच कधी पडली नाही, कारण ताई तिच्या वाटणीचंही बोलून टाकायची.

ताई निवृत्त झाली, भावजींच्या मागे मुलाबरोबर तिकडेच, माहेरच्या गावी राहिली. तिकडे म्हणजे रेल्वेने दोन दिवस. विमानाने अडीच तास. ही दोन वाक्यं आपल्या पॉइंटशेठनी गेल्या नऊ वर्षांत किती वेळा ऐकली असतील. दर वेळी त्यांचं उत्तर एकच होतं, "आत्ता रेट वाईट आहे. थोडं थांब." ही थांबायची. थांबणं तिला जमतं, मेण थंड होईस्तोवर थांबावंच लागतं. दोन वर्षांतून एकदा रेल्वेने जाऊन यायची, बाकीचं फोनवर.

त्या वर्षी ताईचा आवाज बसला. सर्दी आहे म्हणाली. मग धूळ आहे म्हणाली. मग फोनवर भाचाच जास्त बोलायला लागला. एका सोमवारी संध्याकाळी, ही लॅबमधून येऊन चपला काढत असताना, त्याचा फोन आला.

"मावशी, आईने तुला सांगू नको म्हटलं होतं. पण आता सांगतो. तिच्या स्वरयंत्रात गाठ आहे. वाईट गाठ आहे. बुधवारी ऑपरेशन."

ती दारातच बसली. म्हणाली, "काढून टाकतील ना गाठ?"

"गाठ निघेल. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही. पण पूर्ण स्वरयंत्रच काढावं लागणार आहे." भाचा म्हणाला. "त्यानंतर आई बोलू शकणार नाही, मावशी. पुढे एखादं यंत्र वगैरे लावता येतं म्हणतात. पण तो आवाज आईचा नसेल."

मग त्याने फोन ताईला दिला. पलीकडून नुसती खरखर आली. ताईचा आवाज आता इतका खाली गेला होता की फोनला तो पकडताच येत नव्हता. भाच्यानेच ऐकून सांगितलं, "आई म्हणते, फोनवर काही कळत नाही तुला. इथे ये. कानाशी बसलीस तर ऐकू येईल. बुधवारी तीन वाजता नेणार आहेत, त्याच्या आत ये."

"येते म्हणून सांग," ती म्हणाली. "येतेच आहे."

एवढंच मागणं होतं. पंधरा दिवस सेवेला ये असं नाही, पैसे पाठव असं नाही. आवाज आहे तोवर ये, एवढंच.

नवरा वखारीतून आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो गंभीर झाला, वाईटही वाटलं त्याला, ते नाकारण्यात अर्थ नाही. ताईने त्याला कधी पाहुण्यासारखं वागवलं नव्हतं, पहिल्या भेटीपासून त्याची टर उडवायची आणि त्याला ते आवडायचं. "जायलाच हवं," तो म्हणाला. "विमानानेच जायला हवं." तिचा जीव भांड्यात पडला. मग त्याने लॅपटॉप उघडला आणि तिथेच घोळ सुरू झाला.

"उद्याचं थेट विमान आहे, पण त्यात पॉइंटांवरची सीट नाही," तो म्हणाला.

"मग पैसे भरून काढा."

"उद्याचं? अगं, आदल्या दिवशीचा दर म्हणजे दरोडा. दोन लाख चौदा हजार पॉइंट पडून आहेत आणि रोख भरायची? थांब, काढतो काहीतरी मी. यात तर माझा हातखंडा आहे."

ही थांबली. मंगळवारी सकाळी तो आंघोळीआधी लॅपटॉपसमोर होता, आंघोळीनंतर लॅपटॉपसमोर होता, वखारीत जाऊनही फोनवर तेच. मंगळवारचं थेट विमान उडून गेलं. दुपारी लॅबमध्ये तिला त्याचा मेसेज आला: "झालं काम. बुधवार सकाळ. बावीस हजारात बसवलं. परतीचं पुढच्या बुधवारचं, ते तर अकरातच मिळालं." शेवटी हसरा चेहरा. तिने हातातला वरचा जबडा पुरा केला, मालकांना सांगून आठ दिवसांची रजा घेतली आणि घरी येऊन बॅग भरली.

"मधे एक छोटासा थांबा आहे," तो जेवताना म्हणाला. "साडेबाराला पोचतेस. दवाखाना अर्ध्या तासावर. एक वाजता तू ताईंच्या कानाशी."

विमानतळावर तो तिला दारापर्यंत सोडून परत फिरला, त्याला वखार गाठायची होती. सहा दहाचं विमान. ती बॅग देऊन आत आली आणि फलकाकडे बघत उभी राहिली. तिच्या विमानाखालच्या ओळीत, सात वाजता, ताईच्या गावाचं नाव होतं. थेट. पोचण्याची वेळ साडेनऊ.

तिने फोन लावला. "अहो, इथे सातचं थेट विमान दिसतंय."

"हो, आहे ना."

"त्यात पॉइंटांची सीट नव्हती का?"

"होती गं. पण त्याला अडतीस हजार मागत होते. तेच आपण मधल्या शहरातून गेलो तर बावीस. सोळा हजार वाचले. नाहीतर आपल्या दोन लाख चाळीसचं गणितच कोलमडलं असतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरीही तिचा आवाज चढला नाही, चढवायची तिला सवयच नव्हती. ती तशीच तिकिटांच्या खिडकीकडे गेली. सातच्या विमानात दोन जागा आहेत, खिडकीतली मुलगी म्हणाली, आणि किंमत सांगितली. किंमत खरोखरच दरोडा होती. पण पर्समध्ये जोडकार्ड होतं, आणि लॅबची भिशी पुढच्या महिन्यात हिलाच लागणार होती. भरता आले असते.

"अगं, असं काही करू नकोस," फोन अजून चालूच होता. "बॅग तुझी त्या विमानात गेली. इकडचं तिकीट फुकट जाईल. तीन तासांचा तर फरक आहे. साडेबाराला पोचतेस म्हणजे पोचतेस. आणि मधे लाउंज आहे, कार्डावर फुकट. मऊ खुर्च्या, गरम नाश्ता. जरा मजा कर."

आणि ती मागे फिरली. या एका गोष्टीसाठी तिने स्वतःला आजही माफ केलेलं नाही, आणि करूही नये. पंचवीस वर्षं एखाद्याचं ऐकत राहिलं की पाय आपोआप त्याच्या बाजूला वळतात, हे खरं. पण पाय तिचे होते.

मधल्या शहरात ती आठला उतरली. पुढचं विमान दहा चाळीसचं. लाउंजच्या दारात तिने कार्ड दाखवलं, आतल्या माणसाने अदबीने दार उघडलं. मोठाल्या खुर्च्या, जमिनीवर जाड गालिचा, एका टेबलावर पाव, अंडी, कापलेली फळं, तीन प्रकारचे रस. लोक प्लेटा भरभरून घेत होते आणि अर्ध्या टाकत होते. ती कॉफीचा कप घेऊन फलक दिसेल अशी बसली.

साडेनऊला फलकावरची वेळ बदलली. दहा चाळीसचे बारा दहा झाले. तिने बोटांवर मोजलं. दोनला उतरणार, अडीचला दवाखाना. अर्धा तास मिळेल. अर्धा तासही पुष्कळ झाला.

तेवढ्यात नवऱ्याचा मेसेज आला. "लाउंज कसं आहे? काय काय ठेवलंय? फोटो पाठव ना, ग्रुपवर टाकतो." त्याचा एक ग्रुप होता, असेच सगळे पॉइंटवाले. तिने फोन पालथा घातला.

साडेअकराला बारा दहाचे एक चाळीस झाले. काउंटरवर गेली तर तिथल्या तरुणाने सांगितलं की विमानच अजून दुसऱ्या गावाहून निघालेलं नाही. तिच्याशी तो फार चांगला वागला. हसून, मान झुकवून, बघतो म्हणाला. त्याच्या वरच्या जबड्यातला उजवा सुळा किंचित बाहेर होता. तिच्या मनात आलं, याचे सगळे दात घशात घालावेत. एकवीस वर्षांत तिच्या डोक्यात असा विचार प्रथमच आला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

"दुसरं कुठलं विमान?"

"थेट आता संध्याकाळीच, मॅडम."

तिने भाच्याला फोन केला. उशीर होतोय, डॉक्टरांना एक तास थांबायला सांग. भाच्याने विचारून परत फोन केला. डॉक्टर थांबू शकत नव्हते, ऑपरेशन सात तासांचं होतं, मागे दुसरा पेशंट होता. "आई तयार होऊन बसलीय," तो म्हणाला. "खिडकीतून खालचं फाटक दिसतं, तिकडे बघत असते. थांब, देतो तिला."

तिने एक कान बोटाने दाबला, दुसऱ्यावर फोन घट्ट धरला. नेमकी त्याच वेळी लाउंजमध्ये घोषणा सुरू झाली, कुठल्या तरी विमानाची, स्वच्छ, गोड, मोठ्या आवाजात. ती बाथरूममध्ये धावली. तिथे हात सुकवायचं यंत्र घोंघावत होतं. तिने कानात प्राण आणून ऐकलं. खरखर, मग श्वास, मग पुन्हा खरखर, आणि त्यात तीनच शब्द कळले.

"कुठवर आलीस गं?"

"आले, ताई," ती म्हणाली. "आलेच. अगदी जवळ आहे."

ताईशी आयुष्यात ती कधी खोटं बोलली नव्हती. बोलायचीच इतकी कमी, की खोट्याला जागाच नव्हती.

एक चाळीसचे तीन दहा झाले. ती विमानाच्या रांगेत उभी असताना भाच्याचा मेसेज आला. "नेलं आत. दारापर्यंत विचारत होती." तिच्यामागचा प्रवासी म्हणाला, पुढे सरका. ती पुढे सरकली.

दवाखान्यात पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर भाचा बसला होता. त्याने तिला जवळ घेतलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आला तो नुसता संताप, एवढा की त्याला बसायला जागा पुरत नव्हती. भाचा चहा आणायला गेला आणि नवऱ्याचा फोन आला.

"पोचलीस ना? मला सगळं कळलं, साडेचार तास लेट म्हणजे हद्द झाली. मी सोडतो की काय त्यांना? दुपारीच खरमरीत मेल टाकला. लगेच उत्तर आलं. दिलगिरी म्हणून तीन हजार पॉइंट जमा केलेत."

ती उठून कॉरिडॉरच्या टोकाला गेली. भिंतीवर शांतता राखा असं लिहिलं होतं, आणि तिने ती राखली. ती इतक्या हळू बोलली की त्याला दोनदा काय, काय म्हणावं लागलं.

"अहो, माझ्या बहिणीचा आवाज आत्ता आत काढताहेत. दाराच्या पलीकडे. मला तो ऐकायचा होता. मी नऊ वर्षांत तुमच्याकडे एवढं एकच मागितलं."

"अगं, मला काय माहीत विमान लेट..."

"माझं होऊ दे आधी. ताईच्या घरचा फ्रिज कुणाच्या कार्डावर घेतला? पाण्याचा हीटर? तिचा चष्मा? तिने रोख आधी पाठवली आणि तुम्ही कार्ड मागाहून घासलंत. तिचे पॉइंट त्यात आहेत. माझ्या मेणाचे, माझ्या प्लास्टरचे आहेत. तुम्ही काय घातलंय त्यात? नुसतं डोकं. आणि त्यातले अडतीस हजार तुम्हाला तिच्यासाठी जड झाले."

 

"सोळा वाचवलेत," ती म्हणाली. "तीन वर मिळाले. एकोणीस झाले. लिहून ठेवा कुठेतरी." आणि तिने फोन ठेवला.

ऑपरेशन नीट झालं. गाठ सगळी निघाली, डॉक्टर समाधानी होते. ताईला तीन दिवस अतिदक्षता विभागात ठेवलं, मग वॉर्डात आणलं. गळ्याला पट्ट्या, पट्ट्यांत श्वासासाठी एक भोक, नाकातून नळी. उशीशी एक पांढरी पाटी आणि काळं मार्कर. अठ्ठावीस वर्षं सगळ्या फलाटांना ऐकू जाणारी ताई आता नर्सला बोलवायला पलंगाच्या दांड्यावर मार्कर आपटायची. पहिल्याच दिवशी तिने पाटीवर लिहिलं, "चादर घाण आहे." अक्षर मोठं, ठसठशीत. धाकटीने ते वाचलं आणि बाहेर जाऊन जिन्यात रडली. ते रडणंही रागाचंच होतं.

नवरा रोज फोन करत होता. केविलवाण्या स्वरात ताईंची चौकशी करायचा, चुकलंच माझं, असंही एकदा म्हणाला. पण त्याच वाक्याला जोडून म्हणाला, की तसं बघितलं तर कागदावर प्लॅन बरोबर होता. तिने हूं केलं.

आठव्या दिवशी, परतीच्या बुधवारी, अकरा वीसचं विमान होतं. तिने बॅग भरली नव्हती. सकाळी ताईचं अंग पुसलं, केस विंचरले, नळीतून द्यायचं जेवण नर्सबरोबर उभं राहून शिकून घेतलं. मग इतके दिवस विचारायचा धीर झाला नव्हता ते विचारलं.

"ताई, तू मला एवढं तातडीने बोलावलंस. काय सांगायचं होतं?"

ताईने पाटी घेतली. जरा विचार केला, मार्करचं टोपण दातांत धरून. मग लिहिलं: "खास काही नाही. नुसतं बोलायचं होतं."

धाकटीला वाटलं होतं की काहीतरी असेल. आईची एखादी गोष्ट, एखादं गुपित, कुणाला काय द्यायचं याचं. तसं काही असतं तर ते पाटीवर लिहून झालं असतं. पाटीवर जे मावत नाही तेच नेमकं ताईला द्यायचं होतं, आणि तेच गेलं.

साडेनऊपासून फोन वाजत होता. चेक-इन केलंस का? निघालीस का? दहा वाजता पुन्हा. साडेदहाला तीनदा. तिने फोन पलंगाच्या बाजूच्या कपाटावर ठेवला होता, तो तिथे थरथरत औषधांच्या बाटल्यांपर्यंत सरकायचा, आणि ताई त्याला बोटाने मागे ढकलायची. पावणेबाराला मेसेज आला: "गेट बंद झालं. तुला नो-शो लागला. अकरा हजार पॉइंट पाण्यात. हे कधीच परत मिळत नाहीत, तुला कळतंय का?"

तिने तो ताईला दाखवला. ताईने वाचला, भुवया वर केल्या आणि मार्कर उचललं. याला मी काही लिहू का, असा तो चेहरा होता.

"तू नको," धाकटी म्हणाली. "माझं मी लिहिते."

तिने लिहिलं: "कळतंय. मी कधी येईन ते माझं मी ठरवीन. माझं तिकीट तुम्ही काढू नका." फोन बंद केला आणि खुर्ची ताईच्या उशीशी ओढली.

सुरुवात तिने फ्रिजपासून केली. कसा तो ताईने आधी पैसे पाठवून घेतला आणि नवरा स्वतःच्या गावच्या दुकानात त्याचं बिल भरताना कसा छाती काढून उभा होता. मग कोपऱ्यावरचं दुकान, वीस मिनिटांचं ओझं. मग सहकाऱ्याच्या सासऱ्याचं बिल, खांद्यावरच्या हातासकट, नक्कल करून. आपल्याला नक्कल येते हे तिला माहीत नव्हतं. मग सातचं विमान, खिडकीतली मुलगी, आणि आपण मागे कशा फिरलो ते. तिथे तिचा आवाज चढला. शेजारच्या पलंगावरच्या बाईने मान वळवून बघितलं. तिचा आवाज आणखी चढला. एकवीस वर्षं दर दिवशी वीस वाक्यं बोलणारी बाई थांबायचं नाव घेत नव्हती.

दारातून नर्स आली. "अहो, हळू जरा. हा वॉर्ड आहे. पेशंटला विश्रांती घेऊ द्या."

ताईने पलंगाच्या दांड्यावर मार्कर आपटलं, पाटी पुसली, भरभर लिहिलं आणि नर्ससमोर धरली.

"तिला बोलू द्या."